तिसरा फोन

अपेक्षाच्या विमानाचा पंखा मी निवडून दिला होता. हे आधीच सांगून टाकतो. पुढच्या सगळ्या धावपळीची सुरुवात तिथून होते, आणि ही गोष्ट मागून सांगितली तर मी स्वतःला सांभाळून घेतलं असं वाटेल.

मी देवासला राहतो. इथल्या एका मोटर कारखान्याच्या चाचणीघरात एकतीस वर्षं नोकरी केली. मोटर यायची, तिला चाचणीच्या बेडवर जखडायची, भार द्यायचा, किती अँपिअर ओढते ते लिहायचं, शिक्का मारायचा. निवृत्त झाल्यावर पुस्तकं वाचत बसायचं असा बेत होता आणि दोन वर्षं तसं झालंही. मग एक दिवस धारहून अपेक्षा आली. तिच्या हातात मोठ्या पेरूएवढी एक मोटर होती, जळालेली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की देवासला एक म्हातारा आहे, तो बोलत नाही पण मोटर बघतो.

अपेक्षा तीस वर्षांची आहे. वडील मालोजीराव आणि ती मिळून धारला शेतीच्या अवजारांचं दुकान चालवतात. त्यांचे पूर्वज धार दरबारातले मानकरी. माझे आजोबा त्याच दरबाराच्या कारखान्यात लोहारकाम करायचे. हे आता कुणी मनात धरत नाही, पण माझ्या जिभेवरून ते जात नाही. घरी तिला अक्का म्हणतात, म्हणून मी तिला अक्कासाहेब म्हणतो. ती चिडते. म्हणते, काका, ये साहेब-वाहेब मत लगाओ, मी काय म्हातारी आहे का.

तिचं विमान म्हणजे खेळणं नव्हे. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सात फूट, वजन सात किलो. त्यात माणूस बसत नाही. ती जमिनीवर उभी राहून गळ्यातल्या रेडिओवरून ते चालवते. पेट्रोल नाही, सगळं बॅटरीवर. ते उलटं उडतं, गिरक्या घेतं, आणि तिचा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे नाक आभाळाकडे करून ते हवेत एका जागी लटकवायचं. तेव्हा पंखांचा काही उपयोग नसतो. सात किलो वजन फक्त नाकावरच्या पंख्याने उचलून धरलेलं असतं. तसं लटकवून मग पूर्ण जोर द्यायचा, की विमान सरळ वर निघून जातं.

पंखा मोठा घेतला की जास्त हवा ओढतो, जोर वाढतो, पण मोटर तेवढे जास्त अँपिअर मागते. ते अँपिअर बॅटरी आणि मोटर यांच्या मधल्या कंट्रोलरमधून जातात आणि त्याला एक मर्यादा असते. ती ओलांडली तर तो स्वतःला वाचवण्यासाठी मोटर बंद करतो, किंवा जळतो. अपेक्षाला हे समजावून सांगावं लागलं नाही. ट्रॅक्टरला किती फाळांचा नांगर झेपेल हे ती रोज गिऱ्हाइकांना सांगते. तेच आहे, म्हणाली.

गेली चार वर्षं तिच्या मोटरी आणि पंखे मी जुळवतो आहे. पण विमान उडताना मी एकदाही पाहिलेलं नाही. मला बघवत नाही. त्याऐवजी मी फोन करतो. आदल्या संध्याकाळी एक, सकाळी सहाला एक, आणि ती मैदानावर पोचली की एक. प्रत्येक वेळी माझी एखादी शंका असते. पंख्याचा नट आवळला का, तारेचा जोड गरम होत नाही ना, दोरी लोकांपासून पुरेशी लांब बांधली आहे का. यातली एकही शंका आजवर खरी ठरली नव्हती. त्यामुळे त्यांच्याकडे एक रीतच पडून गेली होती. माझा तिसरा फोन येऊन गेला की तिचा धाकटा भाऊ विक्रमसिंह मोठ्याने ओरडतो, काकांचे तीन झाले, मग फोन जीपच्या डब्यात जातो आणि विमान उडतं. माझा फोन न येता एकदा उडवलं तेव्हा चाक मोडलं होतं, असं ते सांगतात. म्हणजे माझी काळजी त्यांच्यासाठी शकुनासारखी झाली होती. ती ऐकायची, तिच्यावरून काही करायचं नाही.

जानेवारीतल्या त्या रविवारी तिरल्याच्या रस्त्यावरच्या मैदानात तिचा पहिला जाहीर कार्यक्रम होता. दहा वाजता सुरू. आसपासच्या पाच शाळांची मुलं येणार होती. इतके दिवस ती तेवीस इंची पंख्यावर उडवत होती; कार्यक्रमासाठी तिला जास्त जोर हवा होता. ऑक्टोबरात तिने मोटर, कंट्रोलर, बॅटऱ्या आणि दोन पंखे माझ्याकडे पाठवले, जुना तेवीसचा आणि नवा चोवीसचा. मी मागच्या पडवीत मोटर बाकाला जखडली, चोवीसचा पंखा लावला, मोजलं. एकशे चार अँपिअर. कंट्रोलर एकशे वीसचा. मी चिठ्ठीवर लिहून दिलं, चोवीस चालेल. बाकी सगळं तिने नेलं, तेवीसचा मात्र माझ्याकडेच भिंतीला खिळ्यावर राहिला. नंतर पेरणीच्या हंगामात दुकान सोडून उडवायला तिला वेळच मिळाला नाही; चोवीसवर ती कार्यक्रमातच पहिल्यांदा उडवणार होती.

रविवारी सकाळी सहाला मी दुसरा फोन केला. शंका दोरीबद्दल होती. अपेक्षाने शांतपणे सांगितलं की दोरी कालच दहा पावलं मागे घेतली आहे. फोन ठेवला, चहा घेतला, आणि सवयीने ऑक्टोबरची वही उघडली. आकडे पाठ होते. पण आकड्यांच्या डाव्या बाजूला, समासात, माझ्याच बारीक अक्षरात आणखी एक आकडा होता. पंचेचाळीस पूर्णांक सहा.

ते बॅटरीचे व्होल्ट होते. मी लिहिले होते आणि पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

भरलेल्या बॅटरीची मला भीती वाटते. असल्या बॅटऱ्या कधी कधी फुगतात, पेट घेतात. म्हणून त्या माझ्याकडे असतात तेव्हा मी त्या अर्ध्याच भरलेल्या ठेवतो, अंगणात वाळूच्या माठात. त्या दिवशीही तशाच काढल्या, तशाच लावल्या, मोजून परत माठात ठेवल्या. कारखान्यात व्होल्ट भिंतीतून यायचे. पॅनलवर काटा चारशे पंधरावर असायचा, सकाळी तोच, संध्याकाळी तोच. एकतीस वर्षांत व्होल्ट किती हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. व्होल्ट म्हणजे जमिनीसारखे, असतातच.

पूर्ण भरल्यावर त्याच बॅटऱ्या पन्नास पूर्णांक चार व्होल्ट देतात. दहा टक्के जास्त. पंख्याच्या बाबतीत अँपिअर व्होल्टच्या वर्गाने वाढतात, म्हणजे वीस-बावीस टक्के. एकशे चारचे एकशे सत्तावीस. त्यात मी मोजलं ऑक्टोबरच्या दुपारी, आणि आज सकाळी अंगणातल्या थर्मामीटरवर नऊ अंश होते. थंड हवा दाट असते, पंख्याला जड जाते. एकशे पस्तीस, छत्तीस.

नेहमीच्या उडण्यात हे कदाचित निभावलं असतं, कारण विमान वेगात असलं की पंख्यावरचा भार हलका होतो. पण हवेत लटकलेलं विमान म्हणजे बाकाला जखडलेली मोटरच. नेमकं तिथे, मुलांच्या समोर, ती पूर्ण जोर देणार होती.

मी फोन लावला. विक्रमसिंहने उचलला. ते गाडीत होते, मागे गाणं वाजत होतं. काका, इतनी जल्दी तीसरा, असं म्हणून तो हसला. मी बोलायला लागलो. आज आठवून बघतो तर सगळा दोष माझ्या बोलण्याचा होता. मी आधी माफी मागितली. मग म्हणालो की कदाचित माझी चूक असेल, कदाचित नसेलही, मग व्होल्टपासून सुरुवात केली, मग ऑक्टोबरमधल्या हवेवर आलो. मध्ये मालोजीरावांचा आवाज आला, कोण आहे. काकाजी का तीसरा है आबा, असं विक्रमसिंह म्हणाला, आणि मला म्हणाला, "हो गए तीन, काका. अब आप चिंता मत करो, चाय पियो." पुढे मी लावला तेव्हा फोन बंद होता. डब्यात गेला होता.

जानकी दारात उभी राहून ऐकत होती. ती माझी बायको आहे, चाळीस वर्षं माझ्या शंका ऐकते आहे. तिने विचारलं, "पडेल का ते?"

मी म्हटलं, ठाऊक नाही.

"मुलांवर पडेल का?"

त्याचंही उत्तर मला ठाऊक नव्हतं. तिने खिळ्यावरचा तेवीसचा पंखा काढला, माझ्या टॉवेलमध्ये गुंडाळला, वरून सुतळी बांधली आणि माझ्या हातात दिला. नुसतं जाऊन सांगून भागणार नव्हतं. धारला चोवीसच्या जागी लावायला दुसरा पंखाच नव्हता.

देवासहून इंदूरला जाणारी साडेसहाची बस मिळाली. इंदूरला उतरून दुसऱ्या बसस्टँडवर जायचं तर रिक्षावाला वाटेत सवारी भरत बसला. मी त्याला लवकर चल म्हणू शकलो नाही. हे असं आहे. मुलांवर सात किलोचं विमान पडेल या भीतीने निघालेला माणूस रिक्षावाल्याला दोन शब्द बोलू शकत नाही.

धारच्या बसमध्ये शेजारी एक फेटेवाला गृहस्थ बसला होता. दोन फूट लांबीचं, टॉवेलात गुंडाळलेलं, दोन्ही टोकांना निमुळतं काहीतरी मी छातीशी धरलं होतं. तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "तलवार है क्या, बासाब?"

मी म्हटलं, पंखा आहे.

"एकच पातं?"

"दोन आहेत. पण एका ओळीत."

त्याने मान हलवली आणि खिडकीकडे सरकून बसला.

बेटम्याच्या पुढे मी तिकिटाच्या मागे पुन्हा हिशेब मांडला. आकडे तेच आले. मग मला कंट्रोलरचा खोका आठवला. त्याच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, दहा सेकंदांपर्यंत एकशे चाळीस. हे मी विसरलो होतो. म्हणजे एकशे छत्तीसही चालले असते. ती पूर्ण जोर देणार पाच-सहा सेकंद, फार तर सात. म्हणजे काहीच होणार नव्हतं. म्हणजे मी एका मुलीच्या पहिल्या कार्यक्रमात, पाहुण्यांसमोर, टॉवेलात पंखा गुंडाळून जाणार होतो आणि सांगणार होतो की थांबा, आणि ते थांबले तरी चूक आणि न थांबले तरी चूक.

घाटाबिल्लोदला बस थांबली. समोर देवासच्या बाजूला जाणारी बस उभी होती. मी उठलो. पंखा पुढच्या सीटच्या दांड्याला अडकला, तो सोडवेपर्यंत चढणाऱ्या माणसांनी आत रेटा दिला, आणि बस सुटली. मी परत बसलो. मी स्वतः ठरवून पुढे गेलो असं कुणी समजू नये.

पण बसल्यावर दुसरी गोष्ट आठवली. खोक्यावरचे दहा सेकंद हे गार कंट्रोलरचे असतात. ती आधी लटकवणार. लटकवताना तो तापणार. जोर नंतर.

धारला उतरलो तेव्हा नऊ पन्नास झाले होते. तिरल्याच्या रस्त्याला टेम्पो मिळाला. मैदान लांबूनच कळलं, रस्त्याच्या कडेला शाळांच्या बसगाड्या उभ्या होत्या. ध्वनिक्षेपकावर विक्रमसिंहचा आवाज येत होता. तो विमानाचं वजन सांगत होता. म्हणजे अजून उडालं नव्हतं.

मुलं सतरंज्यांवर बसली होती, पहिली रांग दोरीला चिकटून. दोरीपलीकडे रिकामी जागा, आणि तिथे ते विमान. मी ते उडायला तयार असं प्रथमच पाहत होतो. पांढरं, पोटावर निळे पट्टे. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार मोठं होतं. मालोजीरावांनी नुकताच नारळ वाढवला होता, विमानाच्या नाकावर कुंकवाचं बोट होतं. पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. अपेक्षाने रेडिओ गळ्यात घातला होता.

दोरीपाशी एक स्वयंसेवक होता. त्याने हात आडवा केला, बाबूजी पीछे. मी पंख्यावरचा टॉवेल काढला. त्याला वाटलं मी विमानवाल्यांपैकीच आहे, त्याने दोरी वर उचलली. खाली वाकून मी पलीकडे गेलो आणि मग माझ्या लक्षात आलं की सहाशे मुलं माझ्याकडे बघत आहेत. विमानापर्यंतचं ते अंतर मी कसं चाललो हे मला सांगता येणार नाही. मध्ये एकदा चप्पल निघाली, ती मी तशीच सोडली.

अपेक्षाने मला पाहिलं. आधी तिला ओळख पटली नसावी, कारण मैदानावर मी असू शकतो हे तिच्या कल्पनेतच नव्हतं. मग तिचा चेहरा एकदम बदलला. तिने वाकून विमानातली बॅटरीची पिन उपसली आणि मग माझ्याकडे वळली.

"काका?"

तासन्‌तास मी जे वाक्य जुळवत आलो होतो त्यात तीन कदाचित होते. ते आठवलंच नाही. "हा पंखा काढा," मी म्हणालो. "मी अर्ध्या बॅटरीवर मोजलं होतं."

तिचे ओठ हलत होते, ती आकडे लावत होती. मग अगदी हळू म्हणाली, "बीस टक्के."

मालोजीराव जवळ आले. ते आवाज चढवून बोलत नाहीत, त्यामुळे मला त्यांची जास्त भीती वाटते. नारळ वाढवलाय, पाहुणे खोळंबलेत, मुलं सकाळपासून उन्हात वाट बघत बसलीत, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि मग म्हणाले, "भगवंतराव, तुमचे फोन तर नेहमीच येतात."

"हो," मी म्हटलं. "आज मी आलोय."

हे मी धीटपणे म्हटलं नाही. मला एवढंच सुचलं. पण ते ऐकून अपेक्षाने गळ्यातला रेडिओ काढला, वडिलांच्या हातात दिला आणि नट खोलायची किल्ली मागितली. विक्रमसिंहला खूण केली, त्याने मुलांना दहा मिनिटं थांबायला सांगितलं आणि वेळ काढायला विमानाला शेपूट का असतं ते समजावू लागला. कुंकू लागलेला पंखा उतरला. तिने तो माझ्या हातात दिला आणि माझ्याकडचा बसवला.

विमान उडालं तेव्हा मी त्याच्याकडे पाठ केली आणि मुलांची तोंडं बघत राहिलो. तोंडं डावीकडून उजवीकडे वळत होती, मग वर, मग सगळी एका जागी थांबली. लटकलं असावं. मुलांनी श्वास धरला होता, मीही. मग तोंडं हळूहळू वर गेली. हळूहळूच. टाळ्या झाल्या.

पण मागे इंदूरहून आलेले दोन उडवणारे होते. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, ऊपर जाने में दम नहीं है, प्रॉप छोटा है. ते लोक पंख्याला प्रॉप म्हणतात. हे त्याने खाजगीत म्हटलं होतं, पण उतरून परत येणाऱ्या अपेक्षाने ते ऐकलं. तिने काही दाखवलं नाही. मला दिसलं.

जेवण मैदानातच होतं. मालोजीराव माझ्या पंक्तीला बसले नाहीत. विमान सुखरूप होतं, मुलं सुखरूप होती, आणि मला खात्री वाटत होती की त्या दोन माणसांनी म्हटलं ते माझ्यामुळे, विनाकारण. न घडलेली गोष्ट घडली असती हे कोण सांगणार. शेवटी मला राहवलं नाही. अपेक्षा पानावर बसली होती तिथे जाऊन मी तिला खोक्यावरचे एकशे चाळीस आणि दहा सेकंद सांगितले. म्हटलं, मी बहुतेक उगाच आलो.

तिने घास खाली ठेवला. "तो देख लेते हैं," म्हणाली.

शाळांच्या बसगाड्या गेल्यावर तिने विमान मैदानाच्या कडेला नेलं. शेपटी दोराने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बांधली. कुंकवाचा चोवीसचा पंखा पुन्हा लावला. बॅटऱ्यांची दुसरी जोडी पूर्ण भरलेली होती, तिच्या तारेत मीटर बसवला आणि मीटर माझ्या हातात दिला. मी म्हटलं, आता दुपार आहे, हवा तापली आहे, सकाळपेक्षा कमीच दाखवेल. तिने मान हलवली. आधी मिनिटभर तिने लटकवण्याएवढा जोर ठेवला. विमान दोराला ओढ देत थरथरत होतं. मग ती म्हणाली, काका, गिनो, आणि पूर्ण जोर दिला.

मीटरवर एकशे अठ्ठावीस आले, मग एकशे एकोणतीस. मी मोठ्याने मोजत होतो. माझा आवाज त्या घरघरीत कुणाला ऐकू जात नसणार. एक, दोन, तीन. ट्रॉली किंचित हलली. चार. मला मनातून वाटत होतं की दहा व्हावेत. मी चुकलो असं ठरावं, म्हणजे जे टळलं ते टळलंच नव्हतं असं होईल आणि रात्री झोप येईल. पाच.

मोटर थांबली. कुणी थांबवली नव्हती. अपेक्षाच्या रेडिओवरची जोराची काडी पुढेच होती. पंखा दोनचार फेरे नुसता फिरला आणि आडवा उभा राहिला.

विक्रमसिंहने पोटाखालचं झाकण काढून कंट्रोलरला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. अपेक्षाने रेडिओ खाली ठेवला, सकाळी जिथे विमान लटकवलं होतं त्या जागी जाऊन उभी राहिली, आणि तिथून दोरीकडे चालत गेली. दोरी अजून तशीच होती, पलीकडे मुलांनी टाकलेले टॉफीचे कागद. पावलं मोजताना तिचे ओठ हलत होते. मी लांबून मोजली. अठरा झाली. दोरी दहा पावलं मागे घेऊनही अठराच.

मालोजीराव तिच्याकडे बघत होते. मग ते जीपपाशी गेले, थर्मासमधून चहा ओतला, आणि तो कप त्यांनी स्वतः आणून माझ्या हातात दिला. माझ्या आजोबांना त्यांच्या आजोबांनी कधी पाणी दिलं असेल असं वाटत नाही. मी उभा होतो. ते म्हणाले, भगवंतराव, बसा. मी ट्रॉलीच्या दांडीवर बसलो. कप गुडघ्यावर टेकवला.

अपेक्षा परत आली. ती माझ्या शेजारी बसली आणि तिने विचारलं, "काका, चार वर्षांत तुमचे दोनशे फोन आले असतील. यातला खरा कुठला, हे मी कसं ओळखायचं?"

मी विचार केला. तिला खरं उत्तर द्यायला हवं होतं. "मला ओळखता येत नाही, अक्कासाहेब," मी म्हणालो. "सगळे सारखेच वाटतात. आजचाही तसाच वाटला होता. घाटाबिल्लोदला मी परत फिरणार होतो."

साहेब म्हटल्याबद्दल ती या वेळी रागावली नाही. मग तिने चोवीसचा पंखा उतरवला आणि तेवीसचा बसवला. पुढच्या आठवड्यात मांडूच्या वाटेवर एका शाळेने बोलावलं होतं, तिथे तोच लावून जाणार म्हणाली. कंट्रोलर मोठा आणेपर्यंत तोच. विक्रमसिंहने माझी चप्पल शोधून आणली आणि मला धारच्या बसस्टँडवर सोडलं. वाटेत तो एकदाही थट्टेचं बोलला नाही, त्यामुळे मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. अंग हलकं वाटायला हवं होतं. बेटमा येईपर्यंत थोडंफार वाटलंही. मग आठवलं की तेवीसचा पंखा बसवताना अपेक्षा माझ्याशी बोलत होती. तिने नट हाताने फिरवला हे मी पाहिलं होतं. किल्ली लावली का? किल्ली मला ट्रॉलीवर दिसली होती, पण ती चोवीसचा उतरवताना ठेवलेली असेल. पुढच्या आठवड्यापर्यंत ती विसरणार. सुटा पंखा म्हणजे फिरती तलवार, त्या फेटेवाल्याने बरोबर ओळखलं होतं.

मी फोन हातात घेतला, खिशात ठेवला, परत काढला. आज सकाळपासून त्या घराला मी पुरेसा त्रास दिला होता. आणि आता, एकदा खरं ठरल्यावर, पुन्हा खोटं ठरणं मला जास्त जड वाटत होतं.

तरी लावला. अपेक्षाने उचलला. मी माफी मागितली, मग कदाचित म्हटलं, मग नटाचं सांगितलं.

मी तिच्या हसण्याची वाट बघत होतो. ती म्हणाली, "रुकिये, बघते." फोन तिने खाली ठेवला नाही. तिची पावलं ऐकू आली, मग पत्र्याचं दार सरकल्याचा आवाज, मग दिव्याचं बटण. धातूवर धातू टेकल्याचा एक बारीक आवाज आला. ती किल्ली लावून बघत होती. बसमध्ये कंडक्टर तिकीट मागत होता, मी त्याला हाताने थांबायला सांगितलं. तो थांबला.

"घट्ट आहे, काका," ती म्हणाली. "किल्लीने आवळलेला आहे. और कुछ?"

नाही, मी म्हटलं.

आणखी एक होतं. पण ते मी घरी जाऊन आधी वहीत बघणार होतो, समासासकट.